निळं पाणी आणि फुगलेली पुंगळी

“मामा, डाय खराब निघाली.”

भाच्याचा निरोप सकाळी सातला आला. इकडं बेळगावात, टिळकवाडीत पाऊस झोडपत होता आणि टेक्सासात आदल्या रात्रीचे साडेआठ वाजले होते. सोबत एक फोटो. टेबलावर ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या अकरा रिकाम्या पुंगळ्या रांगेत उभ्या, शेजारी व्हर्निअर, मागं अर्धा प्यायलेला चहा.

उद्यमबागेत प्रेस टूल करण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. तेवढ्या काळात डाय खराब आहे म्हणत जे माझ्या दारात आले, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांची डाय चांगली होती. म्हणून मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. चहा संपवला, चष्मा पुसला, फोटो मोठा करून बघितला. अकराच्या अकरा पुंगळ्यांच्या बुडाशी, कडेच्या जरा वर, एक बारीक चकाकती रेघ गोल फिरलेली दिसत होती. ही रेघ मला ओळखीची वाटली, पण नेमकी कशी ते त्या दिवशी सुचलं नाही. पुढचे दोन आठवडे आम्ही रोज सकाळी याच गोष्टीवर बोलत राहिलो. त्याचा हा वृत्तांत.

आधी त्याचा छंद सांगतो, कारण आपल्याकडं हा छंद नाही. तिकडं नेमबाजीच्या मैदानावर झाडलेल्या गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या लोक गोळा करतात. त्या घरी नेऊन साफ करतात, पुन्हा मापात आणतात आणि नवा प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली), दारू आणि शिसं घालून परत वापरतात. स्वतःपुरतं केलं तर तिथल्या केंद्रीय कायद्यानं त्याला परवाना लागत नाही. आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री येते. शिवाय ९ मिलिमीटर हा सामान्य नागरिकाला वर्ज्य असलेला बोअर. भाच्यानं पहिल्या दोन दिवसांतच दोन सूचना केल्या. एक, “मामा, तुम्हीच एक चांगली डाय टर्न करून द्या की.” दोन, “गणपतीला येताना चारपाच पुंगळ्या घेऊन येतो, तुम्ही मायक्रोमीटरनं बघा.” दोन्हींना मी सरळ नाही म्हटलं. विमानतळावर बॅगेत पुंगळी सापडली की पुढचा गणपती पोलिस चौकीत. तेव्हा जॉब हातात न घेता, फोनवर, दुसऱ्याच्या डोळ्यांनी आणि दुसऱ्याच्या मापानं निदान करायचं होतं. पस्तीस वर्षांत असं काम मी केलेलं नव्हतं.

तक्रार दोन तुकड्यांत आली आणि त्यानं ती एकच समजून सांगितली. पहिला तुकडा: साइझिंग डायमधून, म्हणजे पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्यातून, काढल्यावरही साठातल्या अकरा पुंगळ्या पिस्तुलाच्या नळीत पूर्ण बसत नाहीत, शेवटचे दोनतीन मिलिमीटर बाहेर राहतात. दुसरा: ज्या बसतात त्यातल्या काहींचं तोंड पुढच्या डायमध्ये फुलवताना चिरतं. त्याचा निष्कर्ष असा की डाय मापात नाही, म्हणून बसत नाही. आणि डाय जास्त दाबते, म्हणून चिरतं. एकच डाय कमीही दाबते आणि जास्तही दाबते, हे त्याला खटकलं नव्हतं. मला खटकलं. पण त्यातून लगेच काही निघालं नाही.

सुरुवातीला एकच गोष्ट नक्की करून घेतली: सगळ्या पुंगळ्या रिकाम्या आहेत ना, प्रायमर झाडलेला आहे ना. भरलेलं काडतूस साइझिंग डायमध्ये घालायचं नाही, मग ते कितीही अडकत असो. त्यानं भरायला अजून सुरुवातच केली नव्हती. जीव भांड्यात पडला.

मग मी चुकलो. पितळेशी माझा संबंध डीप ड्रॉइंगचा. सपाट चकतीवरून कप ओढायचा, तो कप आणखी लांब ओढायचा, आणि प्रत्येक ओढीला पितळ कडक होत जाणार. कडक पितळ डायमधून बाहेर आलं की थोडं परत फुगतं, आम्ही त्याला स्प्रिंग बॅक म्हणतो. मला वाटलं, या पुंगळ्या कुणी चारपाचदा वापरलेल्या असणार, कडक झालेल्या असणार, म्हणून दाबूनही परत फुगतात, आणि कडक म्हणूनच चिरतात. दोन्ही लक्षणांना एकच कारण मिळालं की बरं वाटतं. त्याला सांगितलं, पुंगळी डायमध्ये वर नेऊन पाच सेकंद तिथंच धर, मग थोडी फिरवून पुन्हा एकदा दाब. दोन सकाळी यात गेल्या. अकरातली एक बसली, दहा तशाच. एका पुंगळीसाठी दोन दिवस! माझी बहीण, म्हणजे त्याची आई, शहापुरातून फोन करून विचारत होती, “काय करूलालासा रे दोघं मिळून? बंदुकीची गोळी?”

तिसऱ्या दिवशी मी जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. माप कुठं घेतोस?

“तोंडाशी,” तो म्हणाला. “गोळी तिथंच बसते ना.”

इथं या पुंगळीची घडण सांगावी लागेल. ९ बाय १९ नावाचं हे काडतूस १९०२ चं, जर्मन, गेऑर्ग लुगर यांनी आखलेलं. दिसायला सरळ नळकांडं, पण सरळ नाही, टेपर आहे. बुडाशी जास्तीत जास्त ९.९३ मिलिमीटर आणि गोळी बसवल्यावर तोंडाशी ९.६५. लांबी १९.१५ मिलिमीटर. पत्राही सगळीकडं सारखा नाही. तोंडाशी पातळ, खाली जाड होत होत बुडाशी भरीव. गोळी झाडली की आत चौरस इंचाला ३५,००० पौंडांपर्यंत दाब जातो. पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला चिकटतं, गॅस मागं येऊ देत नाही, आणि दाब गेल्यावर थोडं आकसून मोकळं होतं. म्हणून तर ती बाहेर पडते. पण पूर्वीच्या मापाला परत येत नाही. ज्या पिस्तुलात झाडली त्या चेंबरच्या मापाची होऊन राहते. मैदानावरून गोळा केलेल्या पुंगळ्या म्हणजे चाळीस पायांचे जुने बूट. प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या पायाचा आकार.

आणि काही पिस्तुलांत चेंबरच्या तोंडाशी, जिथून गोळी आत सरकते त्या उताराला, पुंगळीच्या खालच्या भागाला पूर्ण आधार नसतो. तिथं पितळ बाहेर ढकललं जातं. फोटोतली रेघ तीच होती, बुडाच्या जरा वर, दाबलेला भाग आणि न दाबलेला भाग यांच्या सीमेवरची.

मी त्याला तीन ठिकाणी माप घ्यायला लावलं. तोंडाशी, मधे, आणि कडेपासून साधारण चार मिलिमीटर वर. व्हर्निअर बाजूला ठेवून मायक्रोमीटर आणायला लावला, आणि प्रत्येक ठिकाणी पुंगळी फिरवून दोनदा. बसणाऱ्या दहा आणि न बसणाऱ्या दहा. तोंडाशी दोन्ही गटांत काहीही फरक नाही, ९.५२ च्या आसपास, म्हणजे गोळी घट्ट धरायला हवं तेवढं. मधेही जवळपास सारखं. खाली मात्र बसणाऱ्या ९.८९, ९.९०, आणि न बसणाऱ्या ९.९७, ९.९८, एक तर ९.९९. चेंबर पुंगळीच्या कमाल मापाहून जेमतेम काही शतांश मोठं असतं. पाच शतांश म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी, आणि तेवढ्यावर हे अडलं होतं. तोंडाशी मोजून बुडाचं निदान करणारा भाचा, आणि त्याला माप कुठलं हे न विचारणारा मामा.

मग डाय खाली का पोचत नाही?

त्याची डाय कार्बाइड रिंगची. टंगस्टन कार्बाइड म्हटलं की आम्हा टूलरूमवाल्यांना मान खाली घालावी लागते, इतकं ते कठीण, आणि इतकंच ठिसूळ. पोलादी डायमध्ये पुंगळीला तेल लावल्याशिवाय घातली की अडकून बसते, कार्बाइडमध्ये सरळ भिंतीच्या पिस्तुलाच्या पुंगळीला तेल लागतच नाही असं म्हणतात. (लावलं तर हाताला हलकं जातं आणि कुठं अडतं ते नीट कळतं. मी लावायलाच सांगतो.) रिंगच्या तोंडाशी पुंगळी शिरायला म्हणून गोलाई दिलेली असते, त्यामुळं अगदी खालचा भाग रिंगच्या मापात येतच नाही. त्यात पुंगळी ज्या शेल होल्डरमध्ये उभी असते त्याचा ओठ खाली जागा खातो. म्हणजे चांगल्या बसवलेल्या डायमध्येसुद्धा बुडाचा काही भाग तसाच राहणार. हा दोष मानू नये, पण त्यात आपण भर घालू नये.

भाच्यानं भर घातली होती. कुठंतरी त्यानं ऐकलं की कार्बाइड रिंगला शेल होल्डर आपटला की ती तडकते. खरं आहे. म्हणून त्यानं डाय टेकवून मग पूर्ण एक फेरा उलटी फिरवून लॉक केली. या डायचा बाहेरचा आटा ७/८ इंची, इंचाला १४ फेऱ्यांचा. एक फेरा म्हणजे १.८१ मिलिमीटर. ज्या भागात फुगवटा होता नेमका तोच भाग त्यानं डायच्या बाहेर ठेवला होता, काळजीपोटी.

त्याला म्हटलं, कागदाएवढी फट ठेव. त्यानं ठेवली, पुन्हा दहा दाबल्या, आणि निकाल जवळपास तोच! सहा तशाच अडल्या. इथं मला गंमत वाटायला लागली, कारण ही चूक उद्यमबागेतली जुनी ओळखीची. त्याचा प्रेस सी आकाराचा आहे. आमच्या सी फ्रेम पॉवर प्रेसचा जबडा टनेज आलं की उघडतो, डोळ्याला दिसत नाही पण डायल लावली की काटा हलतो. माझा एक जुना ऑपरेटर होता, चिकोडीकडचा, मराठी बोलताना पितळेला हमखास हित्ताळे म्हणायचा; तो नवीन पोरांना सांगायचा की मशीन रिकामं असताना सेट केलंस तर ते रिकाम्या मशीनचं सेटिंग झालं. भाच्याचा प्रेसही तसाच जरासा उघडत होता. रिकाम्यात कागदाएवढी असलेली फट पुंगळी आत असताना दुप्पट होत होती.

मग सेटिंग असं केलं. शेल होल्डरमध्ये पुंगळी, हँडल पूर्ण खाली दाबून धरलेलं, मागून मोबाइलची बॅटरी, आणि फटीतून येणारा उजेड बघत डाय थोडी थोडी खाली. उजेड केसभर राहिला की थांबायचं, दाबलेल्या अवस्थेतच लॉक नट घट्ट करायचा. एक फेऱ्याचा आठवा भाग म्हणजे ०.२३ मिलिमीटर, हे गणित त्यानं वहीत लिहून घेतलं. रिकाम्या प्रेसवर एकदा हँडल ओढून बघायला सांगितलं, शेल होल्डर रिंगला ठोकत तर नाही ना. जेमतेम टेकत होता. मी त्याला तेवढ्यावरच थांबवलं.

अकरातल्या आठ बसल्या.

उरलेल्या तीन काही केल्या बसेनात. त्यांचं बूड ९.९६ च्या खाली येत नव्हतं. फोनचा कॅमेरा जवळ नेऊन दाखवल्यावर दिसलं, त्यांचा फुगवटा एकाच बाजूला, पोटासारखा, आणि फारच खाली. तिथं डाय पोचणार नाही. सरळ भिंतीच्या पुंगळ्या रिंगमधून आरपार ढकलून काढतात, ही टेपर असल्यामुळं तसंही करता येत नाही. भाचा म्हणाला, “मामा, लेथवर धरून वरचं पाच शतांश काढलं तर?” मुलगा आमच्या घरचाच, शंका नाही. पण ज्या जागी पितळ आधीच बाहेर ताणलं गेलंय तिथलाच पत्रा पातळ करायचा आणि मग त्यात ३५,००० पौंडांचा दाब सोडायचा, तेही हातातल्या पिस्तुलात, हे मी त्याला शब्दांत सांगण्याऐवजी फक्त कॅमेऱ्यासमोर माझी पाच बोटं धरली. त्यानं पक्कड घेऊन तिन्हींची तोंडं चेपून टाकली, म्हणजे डब्यात परत मिसळणार नाहीत.

याच वेळी वर्गवारीही करून घेतली, जी खरं तर पहिल्या दिवशी व्हायला हवी होती. लोहचुंबक फिरवल्यावर चार चिकटल्या. पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादी. एकीनं प्रायमर काढायची पिनच मोडली होती. आत बघितलं तर मधोमध एक भोक नसून दोन बारीक भोकं, म्हणजे बर्डन पद्धतीची, ती यात चालत नाही. काहींच्या बुडावर गोलात फुलीचा नाटोचा शिक्का. त्यांचा प्रायमर चेपून पक्का केलेला असतो, नवा बसवताना कड आडवी येते. आणि दोनतीन अशा सापडल्या की आत बॅटरी मारल्यावर भिंतीला पायरी दिसते. पायरीच्या कोपऱ्यात पत्रा तुटायची भीती असते, त्यामुळं त्याही गेल्या. यात नवीन काही नाही, हे काम करणारा कुणीही हेच सांगेल.

आता चिरणारी तोंडं.

इथं मी दुसऱ्यांदा चुकलो नाही, कारण पहिल्या चुकीचा चटका ताजा होता. तोंड चिरण्याचं नेहमीचं कारण जुनाट पितळ हेच. प्रत्येक वेळी तोंड फुलवायचं, गोळी बसवायची, परत चेपायचं, झाडायची, परत दाबायचं. पातळ पत्रा कडक होत जातो आणि एक दिवस फाटतो. तसली चीर एक, सरळ, तोंडापासून खाली आलेली असते. भाच्यानं चिरलेल्या नऊ पुंगळ्यांचे फोटो पाठवले. दोनचारांना तीन तीन चिरा होत्या. एकीला तोंड न फुलवताच, डब्यात पडल्या पडल्या चीर गेलेली. मी त्याला एका न चिरलेल्या पुंगळीचं तोंड पकडीनं हळू चेपायला लावलं. चांगलं पितळ दुमडतं. हिचा तुकडा पडला. तळलेल्या पापडासारखा.

“साफ कशानं करतोस रे?”

“भांड्याच्या साबणानं.” मग जरा थांबून, “आधीच्या लॉटला काच पुसायचं लिक्विड आणि पितळ चकाकवायचं पॉलिश. रात्रभर भिजवल्या होत्या. एकदम सोन्यासारख्या झाल्या मामा.”

“पाणी निळं झालं होतं का?”

“हो! मस्त निळं. तुम्हाला कसं कळलं?”

कळलं ते गोठ्यामुळं. पंचवीसेक वर्षांपूर्वी पावसाळ्यात उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये पाणी शिरायला लागलं, म्हणून ओढीव पितळी झाकणांची एक ऑर्डर, ऑइल कपाची, मी खानापूर तालुक्यात आमच्या गावच्या घरी नेऊन ठेवली. गोठ्याला लागून एक कोरडी खोली आहे, तिथं. जून ते ऑगस्ट. गणपतीच्या आधी पोती उघडली तर चांगली चारपाचशे झाकणं कडेशी उभी चिरलेली. कुणी हात लावला नव्हता, वजन पडलं नव्हतं. गिऱ्हाइकानं माल परत केला, तो बरोबरच होता. मी पितळ विकणाऱ्याशी भांडलो, ते चूक होतं. शेवटी इथल्याच एका कॉलेजातल्या धातुशास्त्राच्या मास्तरांनी एक नवं कोरं झाकण बरणीत अमोनियाच्या वाफेवर टांगून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. तशीच चीर.

त्यांनीच सांगितलं, की हे दुखणं आपल्याच मुलखात पहिल्यांदा दिसलं. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात मोहिमा थांबवायच्या आणि काडतुसं तबेल्यांत ठेवायच्या. पावसाळा संपला की पुष्कळ पुंगळ्या चिरलेल्या निघायच्या. हंगामात होतं म्हणून त्याला नावच पडलं सीझन क्रॅकिंग. कारण मात्र १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडलं. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, आणि पितळेत ओढताना दबून राहिलेला ताण. दोन्ही लागतात. नुसत्या ताणानं चिरत नाही, नुसत्या अमोनियानं चिरत नाही. काडतुसाचं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं, आणि जस्त जास्त असलेल्या पितळेला ही खोड जास्त. अमोनिया कणांच्या सीमारेषांतून आत शिरतो आणि ताण त्या फटी उघडत जातो. मी पुढच्या ऑर्डरपासून ओढलेला माल २६० डिग्रीला तासभर भट्टीत ठेवायला लागलो, ताण निघून जातो आणि कडकपणा फारसा जात नाही. गोठ्याजवळ तर काहीच ठेवलं नाही.

भाच्याच्या पुंगळ्यांत ताण झाडण्यानं आणि दाबण्यानं आलेला होताच. अमोनिया त्यानं बाटलीतून आणला. निळं पाणी म्हणजे अमोनियानं पितळेतलं तांबं सोडवून पाण्यात आणलं त्याचा रंग.

पण निळं पाणी ऐकून लगेच निकाल द्यायचा नाही, असं मी या वेळी ठरवलं होतं. सुदैवानं अर्धा माल त्यानं अजून भिजवला नव्हता. न भिजवलेल्यातल्या साठ घेतल्या, शक्यतो त्याच शिक्क्यांच्या. त्याच डायमधून, त्याच सेटिंगला, तोंड तितकंच फुलवून. साठातली एक चिरली, तीही जुनाट, एकाच सरळ चिरेची. भिजवलेल्या साठात नऊ गेल्या होत्या. डाय निर्दोष सुटली.

त्यानं विचारलं, भिजवलेल्या भट्टीत तापवून नरम करता येतील का, तुमच्या झाकणांसारख्या? नाही. पडलेल्या बारीक चिरा तापवून बुजत नाहीत. आणि पुंगळीचं बूड कडकच राहायला हवं, सगळा दाब तिथं पेलायचा असतो. ओव्हनमध्ये घालून बूड नरम केलेली पुंगळी ही चिरलेल्या पुंगळीपेक्षा वाईट, कारण ती दिसायला चांगली दिसते. भिजवलेला सगळा लॉट, न चिरलेल्या धरून, भंगारात. दोनशेच्या आसपास होत्या. इथं तो अडून बसला. “मामा, सोन्यासारख्या दिसतात हो.” दिसतात, म्हणूनच फेक. शेवटी त्यानं एका संध्याकाळी त्यातल्या वीसपंचवीस पकडीनं चेपून बघितल्या. किती दुमडल्या आणि किती तुटल्या ते त्यानं मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा भंगारवाल्याकडं गेलेला होता.

साफ करण्यासाठी पर्याय त्याला हवा होता. आपल्या आया पितळेची घागर चिंचेनं घासायच्या, तत्त्व तेच: सौम्य आम्ल. कोमट पाणी, चिमूटभर सायट्रिक ॲसिड, थेंबभर साबण, काही मिनिटं, मग स्वच्छ पाण्यानं धुऊन वाळवायचं. जास्त वेळ ठेवलं तर जस्त निघून पुंगळी गुलाबी दिसायला लागते, तसं झालं की वेळ चुकली. किंवा कोरडं, मक्याच्या कणसाच्या भुशात फिरवून. या दुसऱ्या पद्धतीत धूळ उडते आणि तिच्यात प्रायमरमधलं शिसं असतं, म्हणून घराबाहेर, मास्क लावून, आणि नंतर हात धुऊन.

हे मी बोलत असताना बहीण शेजारीच बसलेली होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला. “आणि ते निळं पाणी कुठं भिजवलंवतंस? भांड्याच्या सिंकमध्ये?” पलीकडं शांतता. “त्याच पातेल्यात चहा केलास?” पातेलं नव्हतं, आइस्क्रीमचा डबा होता, असं नंतर निष्पन्न झालं. पण पुढची दहा मिनिटं आमचा विषय साइझिंग नव्हता.

आता त्याची पद्धत अशी आहे. चुंबक, शिक्का, आत बॅटरी. धुणं. डायचं सेटिंग पुंगळी आत ठेवून, उजेड बघून. प्रत्येक पन्नासातल्या पाचांचं माप, तोंडाशी एकदा आणि बुडाशी दोनदा. आणि शेवटी पिस्तुलाची नळी वेगळी काढून, चेंबरचं तोंड वर करून टेबलावर धरायची आणि पुंगळी वरून सोडायची. हे काडतूस चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकतं, त्यामुळं चांगली पुंगळी स्वतःच्या वजनानं खाली जाऊन टप् वाजते, बोटानं फिरवली की फिरते, नळी उलटी केली की पडते. यातलं एकही झालं नाही तर बाजूला. मायक्रोमीटर चुकीच्या जागी लावता येतो, ही चाचणी चुकीच्या जागी करताच येत नाही. माझ्या मते सगळ्या मापांपेक्षा तिचाच भरवसा जास्त, आणि टूलरूमवाल्यानं हे म्हणणं सोपं नाही.

चारशेतल्या पावणेदोनशे उरल्या. दुसरी डाय त्यानं मधल्या आठवड्यात मला न विचारता मागवलेली होती, ती न उघडता परत गेली.

मागच्या रविवारी त्यानं उरलेल्या सगळ्या नळीत टाकून दाखवल्या, व्हिडिओ कॉलवर, एकेक करून. साठसत्तर झाल्यावर तिसऱ्या रेल्वे गेटकडून गाडीनं लांबलचक भोंगा दिला आणि मला मधल्या चारपाच ऐकूच आल्या नाहीत. “त्या परत टाक,” मी म्हटलं. कुरकुरत त्यानं परत टाकल्या. त्यातली एक फिरेना.